तुमच्या क्लार्कचं नेमणूकपत्र कुठे आहे?

प्रति,
नाशिकमध्ये दोन-चार-आठ माणसांचं ऑफिस चालवणाऱ्या सर्व वकील सरांना आणि मॅडमना,

सप्रेम नमस्कार.

मी वकील नाही, हे आधीच सांगते. नोकरीची बरीच वर्षं सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांत एचआरमध्ये गेली. हजेरीपट, पगारपत्रक, रजा, युनियनशी बोलणी, आणि अधूनमधून कामगार न्यायालयात कंपनीच्या वतीने साक्ष. आता शरणपूर रोडवरच्या एका वकील कार्यालयाचं व्यवस्थापन बघते. एकाने दुसऱ्याला सांगितल्यामुळे आणखी काही ऑफिसांनाही माणसांच्या बाबतीत मदत करते.

तुमच्यातल्या काही जणांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पिंजऱ्यात उभी असताना. कामगाराच्या बाजूने उलटतपास घेताना तुम्ही विचारायचात, 'नेमणूकपत्र दिलं होतं का? हजेरीवर सही घेत होता का? पगाराची पावती कुठे आहे? यातलं काहीच नाही? मग अटी ठरल्या होत्या हे कोर्टाने कशावरून मानायचं?' घाम फुटायचा. प्रश्न रास्त असायचे, म्हणून तर जास्तच फुटायचा.

तेच प्रश्न आज मी तुम्हाला विचारते आहे. तुमच्याकडे बारा-पंधरा वर्षं राबणाऱ्या क्लार्कचं नेमणूकपत्र कुठे आहे? ज्युनियरला काय द्यायचं ठरलं होतं, कुठे लिहिलं आहे? टायपिंग करणाऱ्या ताईंच्या रजा किती? मी ज्या ज्या ऑफिसात गेले, त्यातल्या एकाही ठिकाणी असा कागद आधीपासून नव्हता. खरेदीखतात गट नंबरापासून चतुःसीमेपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे होऊ न देणारी ही माणसं, आणि स्वतःच्या ऑफिसातला सगळा कारभार तोंडी. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आणखी काय म्हणायचं?

कायद्याच्या बहुतेक जाळ्यांतून तुम्ही सुटता, हे मला माहीत आहे. तुम्हाला तर माझ्याआधी माहीत आहे. पीएफला वीस माणसं लागतात, ग्रॅच्युइटीला दहा. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आला, तोही थोडी माणसं असली तर नोंदणीऐवजी नुसत्या सूचनेवर भागवणारा. आणि वकिलाचं ऑफिस या व्याख्येत बसतं का, इथूनच वाद. केरळच्या अशाच कायद्याखालचं एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. वकिलाचं ऑफिस ही व्यापारी आस्थापना नव्हे, असा निकाल १९८४ मध्ये लागला. त्या निकालाच्या कायदेशीर बाजूवर मी काय बोलणार? पण तो वाद घेऊन दिल्लीपर्यंत गेलेला माणूस वकिलांच्याच फर्ममधला क्लार्क होता, एवढं मात्र डोक्यातून जात नाही.

कायदा लागू नाही म्हणून कागद कशाला, असं एखादा अशील तुमच्यासमोर म्हणाला तर तुम्ही ऐकून घ्याल का? वाटणी तोंडीच झाली होती असं सांगणाऱ्या भावांना तुम्ही समोर बसवून काय काय सुनावता, ते मी पार्टिशनच्या पलीकडून ऐकलेलं आहे.

क्लार्कपासून सुरुवात करते, कारण त्याच्याविषयी कोणी लिहीत नाही.

एका ऑफिसातली गोष्ट आहे, नाव घेत नाही. तिथला क्लार्क सकाळी साडेदहाच्या आत सीबीएसजवळ कोर्टात हजर असायचा. कुठल्या कोर्टात साहेब रजेवर आहेत, हे ऑफिसात सगळ्यांत आधी त्याला कळायचं. नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प, बेलिफाकडे समन्स गेलं का, परत आलं का, सगळं त्याच्याकडे. निफाडची आणि मालेगावची तारीख एकाच दिवशी आली तर कोणी कुठे जायचं, हे सर ठरवतात असं सर समजायचे, ठरवायचा तो. या सगळ्याचा हिशेब त्याच्या शर्टाच्या खिशातल्या छोट्या डायरीत. नोंदी पेन्सिलीने, तारीख पुढे गेली की खोडता यावी म्हणून. खुणा त्याच्या स्वतःच्या: चौकोन म्हणजे कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) द्यायची, दोन रेघा म्हणजे पैसे यायचे आहेत, गोल केलेला आकडा म्हणजे मुदतीचा शेवटचा दिवस.

त्याने दोन हजार वाढवून मागितले. सर म्हणाले, दिवाळीनंतर बघू. हे उत्तर त्याला आधीच्या दिवाळीतही मिळालं होतं. मग तो इंदिरानगरला एका बिल्डरच्या ऑफिसात रुजू झाला. डायरी त्याच्या पैशाची होती, ती त्याच्याबरोबर गेली.

पुढचे काही आठवडे त्या ऑफिसात काय चाललं असेल, ते तुम्हीच ओळखा. एका अशिलाचा चेक न वटता परत आला होता. बँकेचा मेमो मिळाल्यापासून नोटिशीला ३० दिवस, आणि ते गेले की गेले. पुढे फिर्यादीला झालेला उशीर कोर्ट कारण पाहून माफ करू शकतं, नोटिशीला तशी सोय नाही. अशिलाने फोन करून 'नोटीस गेली ना?' विचारलं, तेव्हा दोन दिवस उरले होते आणि मेमो सापडत नव्हता. शेवटी त्याच क्लार्कला फोन. तो म्हणाला, 'लोखंडी कपाट, खालचा कप्पा, डाव्या हाताला. मेमो फायलीच्या आत टाचणीने लावलाय.' नोटीस गेली. नोकरी सोडून गेलेला माणूस नंतर महिनाभर असे फोन उचलत राहिला, आणि त्यातल्या एकाही फोनवर कोणी त्याला दोन हजारांचं काय झालं ते विचारलं नाही.

ई-कोर्ट्स अ‍ॅपवर तारखा येतात, मग डायरीचं एवढं काय, असं तरुण मंडळी म्हणतील. दाखल झालेल्या दाव्याच्या तारखा येतात, कबूल. पण ज्या प्रकरणाला अजून सीएनआर नंबरच (कोर्टात प्रकरण नोंदल्यावर मिळणारा क्रमांक) पडलेला नाही, त्याची मुदत अ‍ॅपला कुठून कळणार? नोटीस, अपिलाचे ३० दिवस, समन्स बजावल्यापासून कैफियतीचे ३० आणि फार ताणले तर ९०, हे सगळं कोणाच्या तरी डोक्यात नाहीतर खिशात असतं. ऑफिसची आठवण एका माणसाच्या खिशात ठेवायची आणि त्या माणसाला ऑफिसच्या कागदावर कुठेच ठेवायचं नाही, हा व्यवहार मला कळत नाही. कारखान्यात एकच माणूस ज्याला येतं असं मशीन असलं की आम्ही दुसऱ्याला शिकवायला बसवायचो. इथे मुदतींचं एक रजिस्टर ऑफिसच्या टेबलावर ठेवावं, रोज संध्याकाळी दोघांनी ते बघावं, एवढंच मागणं आहे. रजिस्टर कॉम्प्युटरवर असो की जाड पुठ्ठ्याच्या वहीत.

क्लार्कच्या पगाराचंही एकदा उघड बोलू. बऱ्याच ऑफिसांत त्याचा पगार थोडा ठेवतात आणि बाकीचं अशिलाच्या चहापाण्यावर सोडून देतात. 'त्याला तसे सुटतात,' हे वाक्य मी इतक्या सहजपणे म्हटलेलं ऐकलं आहे की पहिल्यांदा अर्थ लागायला वेळ गेला. म्हणजे तुमच्या माणसाचा पगार तुमचा अशील देणार, तोही तोंड बघून. सिन्नरहून एसटीने आलेली म्हातारी बाई नकलेसाठी काढून दिलेल्या नोटा मोजते, तेव्हा तिला वाटतं हे कोर्टाचेच पैसे. तुमची फी तुम्ही ठरवा, त्यात क्लार्कचं काम धरा, हवं तर दोनशे रुपये जास्त घ्या, पण ते तुमच्या पावतीवर घ्या.

आणखी एक. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम १३२ मध्ये अशील आणि वकील यांच्यातली गुप्तता आहे, आणि ती वकिलाच्या क्लार्कला आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातही क्लार्क होताच. कायद्याने त्याला तुमच्याइतकंच बांधलेलं आहे, आणि हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नाही. घटस्फोटाच्या अर्जाचा फोटो त्याच्या स्वतःच्या मोबाइलवर असतो, अशिलाचं आधार कार्ड असतं, बँकेचं स्टेटमेंट असतं. मुलगा तोच मोबाइल घेऊन गेम खेळतो. यात क्लार्कचा दोष धरता येत नाही. ऑफिसने वेगळा फोन दिलेला नाही आणि काय पुसायचं, कधी पुसायचं, हेही सांगितलेलं नाही.

आता ज्युनियर.

दर वर्षी एनबीटी, मविप्र आणि इतर लॉ कॉलेजांतून मुलं-मुली सनद (वकिलीचा परवाना) घेऊन तुमच्या दारात येतात. नवा कोट, नवा बँड. सुरुवातीला कामाचं एकच नाव: तारीख घेऊन ये. सहा महिन्यांनी विचारलं तरी तेच नाव. पैसे? 'आम्हाला आमच्या सिनियरने काय दिलं होतं?' हे उत्तर मी अगदी चांगल्या, मायाळू वकिलांच्या तोंडून ऐकलं आहे. तुमच्या वेळी काही मिळालं नाही, हे खरं असेल. पण तेव्हा पंचवटीतल्या वाड्यात काकांकडे राहून दिवस निघत होते. आजची येवल्याची मुलगी कॉलेज रोडला कॉटबेसिसवर राहते, मेसचे पैसे भरते, गाडीत पेट्रोल टाकते आणि तुमच्या कामासाठी झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या पर्समधून देते. ते परत मागायला तिला लाज वाटते. तुम्हाला आठवण राहत नाही.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने १५ ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात ज्युनियर वकिलांना शहरी भागात किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. शिफारस आहे, सक्ती नाही. नाशिकमध्ये हा आकडा काढला की ऑफिसात एकतर हसतात किंवा विषय बदलतात. मी हिशेब बघणारी बाई आहे, त्यामुळे उगाच आदर्श सांगत नाही. मोटार अपघात आणि दिवाणी दाव्यांवर चालणारं दोन टेबलांचं ऑफिस, फी हप्त्याहप्त्याने येणारी, अर्धी बुडणारी. तिथे महिना वीस हजार प्रत्येकाला परवडत नाहीत, हे मी पाहिलं आहे. पण त्याच परिपत्रकात आणखी एक गोष्ट आहे जिला एक पैसाही लागत नाही: ज्युनियरला नेमताना लेखी पत्र द्यावं, त्यात विद्यावेतन, मुदत आणि काय शिकवणार ते असावं. आकडा चर्चेत आला, पत्र कोणी वाचलंच नाही.

वीस नाही जमत? आठ द्या, दहा द्या. पण आकडा कागदावर लिहा, ठरलेल्या तारखेला बँकेत टाका आणि पाकीट काढून 'हे घे, ठेव' असं करू नका. कधी पाच, कधी तीन, कधी दोन महिने काही नाही आणि मग राखीला साडी, याला पगार म्हणत नाहीत. पैसे कमी असतील तर तिला स्वतःची प्रकरणं घेऊ द्या, आणि तेही लिहा: किती वाजेपर्यंत ऑफिसचं, त्यानंतर तिचं; ऑफिसचं टेबल वापरलं तर चालेल की नाही; तिने आणलेल्या अशिलाच्या फीमध्ये वाटा कसा. हे न लिहिल्यामुळे पुढे 'माझे अशील पळवले' म्हणून जे रामायण होतं, ते तुम्ही बाररूममध्ये रोज ऐकता.

एक अडचण खरी आहे. वकील प्रॅक्टिस करत असताना पूर्णवेळ पगारी नोकर असू शकत नाही, हा बार कौन्सिलचा नियम ४९. म्हणून ज्युनियरला 'कर्मचारी' म्हणता येत नाही. मान्य. पण मग नोकर नाही तर नोकरासारखं वागवणंही नको. रात्री नऊला व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या लवकर ये, मुलांना शाळेत सोडायचंय' हा मेसेज कोणत्या नियमात बसतो, मला सांगा. (हा मेसेज मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मुलं ज्युनियरची नव्हती.)

आता तर तुमच्या हातात एक नवी चावी आली आहे. २० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला तीन वर्षांच्या प्रॅक्टिसची अट पुन्हा आणली. किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायाधीशांची पुष्टी. या न्यायाधीशपदाच्या परीक्षेचा (जेएमएफसी) अभ्यास करणारी जी मुलं थेट क्लासला बसायची, ती आता तुमच्याकडे येणार आहेत, आणि त्यांचं पुढचं आयुष्य तुमच्या सहीवर अडकलेलं असेल. ज्या ज्युनियरला तुमची सही हवी आहे, तो पैशाविषयी बोलणार नाही, रविवारविषयी बोलणार नाही, काहीच बोलणार नाही. म्हणून विनंती आहे की रुजू झाल्याची तारीख पहिल्याच दिवशी पत्रावर घाला आणि दर सहा महिन्यांनी त्याने कोणकोणत्या कोर्टात काय काम केलं, याची एक नोंद दोघांच्या सहीने ठेवा. तीन वर्षांनी प्रमाणपत्र देताना तुमच्या मर्जीचा प्रश्नच उरणार नाही, आणि न्यायाधीशांनी विचारलं तर तुमच्याकडेही दाखवायला काहीतरी असेल.

शिकवण्याबद्दल बोलायचा मला अधिकार नाही, तरी एक पाहिलेलं सांगते. आमच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम ज्युनियरने लिहिलेली कैफियत टाइप करायला देण्याआधी लाल पेनने तपासतात आणि तो खुणांचा कागद त्याला परत देतात. फाडत नाहीत, स्वतः नवीन लिहून काढत नाहीत. पंधरा मिनिटं जातात. त्या मुलाने ते सगळे कागद एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवले आहेत. परवा दुसऱ्या ऑफिसातून जास्त पैशांचं बोलावणं आलं तेव्हा तो गेला नाही. मी त्याला कारण विचारलं नाही. फोल्डर मला माहीत होतं.

टायपिस्टचं थोडक्यात. जिल्हा न्यायालयात मराठीतून कामं चालतात आणि इंग्रजी माध्यमातून आलेल्या कित्येक ज्युनियरना दाव्याची मराठी लिहिता येत नाही. पुरशिस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन), मुदतीचा अर्ज, मनाईचा अर्ज यांचे साचे त्या ताईंच्या कॉम्प्युटरवर असतात आणि त्यातल्या चुकाही त्याच काढतात. त्यांना पानावर पैसे देऊ नका, महिन्यावर द्या. पानावर दिले की मजकूर लांबतो, हे तुमच्याच कैफियतींकडे बघून सांगते.

बायकांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आपल्याकडे 'आमचं ऑफिस घरासारखं आहे' या वाक्यावर संपवतात. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहापेक्षा कमी माणसांच्या ठिकाणी अंतर्गत समितीची सक्ती नाही, पण म्हणून तक्रारीची जागाच नाही असं नव्हे. अशा ठिकाणच्या तक्रारींसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. ती कुठे बसते, अर्ज कसा करायचा, हे एका कागदावर लिहून भिंतीला लावा. तुमच्या टायपिस्टला आणि रिसेप्शनवरच्या मुलीला ते कळायला हवं. ज्युनियर वकील मुलींचं त्याहून अवघड आहे. मालक-नोकर असं नातं नाही म्हणून हा कायदा बार कौन्सिलला वकिलांच्या बाबतीत लागू होत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटलं आहे. त्यांना वकील कायद्याखाली गैरवर्तनाची तक्रार करण्याचा रस्ता उरतो. तो रस्ता किती लांबचा आहे, हे तुम्हाला सांगायला नको. म्हणून संध्याकाळी सात नंतर एकट्या मुलीला ऑफिसात थांबवायचं नाही, असले साधे नियम ऑफिसने स्वतःच करायचे असतात. आमच्याकडे केला तेव्हा पहिल्यांदा कुरकुर झाली, मग सगळेच साडेसहाला काम आवरायला लागले. पुरुषसुद्धा.

तुमची बाजूही मी रोज बघते. पोरं टिकत नाहीत. शिकवून तयार केलेला ज्युनियर पंचवटी एक्सप्रेसने एक दिवस मुंबईला जातो आणि तिथलाच होतो. अशील फी देत नाही आणि ज्युनियर मात्र एक तारखेची वाट बघतो. खरं आहे सगळं. म्हणून जाणाऱ्याची पद्धतही लिहून ठेवा: एक महिना आधी सांगायचं, चालू फायलींची यादी करायची, कोणती फाईल कोणत्या टप्प्यावर आहे ते पुढच्या माणसाला समोर बसून सांगायचं, आणि राहिलेले पैसे त्याच दिवशी चुकते करायचे. जाणाऱ्याशी अबोला धरल्याने तो परत येत नाही, आणि त्याच्याबरोबर गेलेली माहितीही येत नाही.

वकील संघाच्या पदाधिकाऱ्यांकडे एक वेगळं मागणं. नव्या सनदधारकांचं स्वागत होतं तेव्हा गुलाबपुष्पाबरोबर नेमणूकपत्राचा एक कोरा नमुनाही हातात द्या. सिनियरकडे मागायला ज्युनियर कचरतो. संघाने दिला म्हटल्यावर तो निदान टेबलावर ठेवता येईल. क्लार्कसाठी वेगळा नमुना करा, कारण त्याचा स्वागत समारंभ कधीच होत नाही.

मी दोन्ही नमुने मराठीत तयार केले आहेत, प्रत्येकी दोन पानं. काम कोणतं, वेळ काय, रजा किती, पैसे किती आणि कोणत्या तारखेला, खर्चाची भरपाई कशी, गुप्तता, आणि सोडून जाण्याची रीत. भाषा मुद्दाम साधी ठेवली आहे, क्लार्कला स्वतःचं पत्र स्वतः वाचता यावं म्हणून. तुम्हाला त्यात वकिली घालायचीच असेल तर घाला, कलमं वाढवा, 'यात काहीही असले तरी' वगैरे जोडा. फक्त पगाराच्या तारखेपुढची जागा भरल्याशिवाय सही करू नका.

आपली,
वकील कार्यालयाची एक व्यवस्थापक,
शरणपूर रोड, नाशिक